मी न प्यायलेला कप

अहो,

'प्रिय' असं लिहिलं होतं, पण खोडलं. छत्तीस वर्षांत तुम्हाला कधी तसं म्हटलं नाही, आता कागदावर म्हणायला माझं मलाच कसंतरी वाटतं. 'अहो' म्हटलं की तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघायचात. तसंच बघा आता.

लिहायचं कारण असं की अक्षय्य तृतीया, आपली आखजी, चार दिवसांवर आली आहे. तुमच्या नावाची पहिली आखजी! घागर भरायची, आमरस-पुरणपोळीचं पान वाढायचं आणि गेलेल्या माणसाला आवडायचं ते पानाशेजारी ठेवायचं. काल भाऊजी धाडहून आले होते, आंबे घेऊन. काय काय करायचं ते ठरवत होतो, तेव्हा मी म्हटलं, पानाजवळ कॉफी ठेवणार. दुधाची नाही. तुमची ती काळी, एस्प्रेसो.

भाऊजींनी कपाळावर हात मारला. "वहिनी, दादानं जनमभर चहा पेला. कोर्टात दिवसाचे आठ कप! त्याले चहाच ठेवा. ते काळं पाणी काऊन ठेवता?"

"ठेवणार म्हंजे ठेवणार."

"अन् तुमच्यानं जमली नाही तं?"

तुमचा भाऊ मोजकं बोलतो, पण बोट बरोबर दुखऱ्या जागी ठेवतो. कारण खरंच, ती मला अजून जमलेली नाही. आज सकाळी थोडी जवळ आल्यासारखी वाटली, ते पुढे सांगते. पण जमवायचीच आहे. डब्यात दाणे आहेत, चार सकाळी आहेत, आणि माझा हट्ट तुम्हाला माहीतच आहे.

आठवतं का हे वेड कुठून लागलं ते? पुण्याला लेकीकडे, मनीषाकडे गेलो होतो तेव्हा तिनं आपल्याला कॉफीच्या दुकानात नेलं. तुम्ही मोठ्या ऐटीत "एस्प्रेसो" म्हणालात, कारण आपल्याकडच्या लग्नांत ती फेसाची, वरून चॉकलेटची भुकटी भुरभुरलेली कॉफी मिळते, तिला सगळे एस्प्रेसोच म्हणतात. आणि आला तो बोळक्याएवढा कप, तळाशी दोन घोट काळं! मनीषा हसून हसून लाल झाली. तुम्ही मात्र ती प्यायलात आणि गप्प बसलात. मला वाटलं, जीभ भाजली.

बुलढाण्याला परत येताना बसमध्ये म्हणालात, "अवं, चहा गोड असते म्हणून आपन पेतो. हे तं कडू हाय, तरी पुन्हा प्यावं वाटते. काऊन असंल?"

मी म्हटलं, "झोपा आता."

मग तुम्ही रिटायर झालात आणि मनीषानं ते मशीन पाठवलं. माझ्या ओट्यावर, माझ्या मिक्सरच्या जागी येऊन बसलं! सोबत हातानं फिरवायची छोटी चक्की आणि एवढासा वजनकाटा. तुम्ही चष्मा लावून दाणे मोजायचात, एक दाणा काढायचात, एक टाकायचात. मी येता-जाता टोमणे मारायची. "सोनं तोलून राह्यले का?" माझ्या स्वयंपाकात कधी काटा लागला नाही, मीठसुद्धा मी हातानंच घालते. त्याचा केवढा गर्व होता मला!

आणि मिरचीचं प्रकरण! ते आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं. मागच्या उन्हाळ्यात तिखटाच्या मिरच्या घेऊन मी चक्कीवर निघाले होते. तुम्ही रोज दहा-दहा मिनिटं ती छोटी चक्की फिरवत घाम गाळायचात, म्हणून म्हटलं, एकदाच सगळं दळून आणावं. तुमची दाण्यांची पिशवी उचलली आणि नेली. चक्कीवाला म्हणाला, "काकू, हे काय हाय, जळके फुटाणे?" त्याच चक्कीत, माझ्या मिरच्यांच्या पाठोपाठ, त्यानं ते दळून दिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही कप तोंडाला लावला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! ठसका थांबेना. तरी तुम्ही कप पूर्ण संपवलात. मला काय म्हणालात? "आज चव आली."

रागवायचं तरी होतं हो एकदा!

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला आठ महिने लागले.

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी मी मागच्या अंगणात पितळेची भांडी घासत होते. तुम्ही तो छोटा निळ्या काठाचा कप घेऊन आलात. माझ्यासमोर उभे राहिलात. कधी बसून बोलायचं तुम्हाला सुचायचंच नाही. म्हणालात, "घे वं, एक घोट घे."

मी वरसुद्धा बघितलं नाही. "ठेवा तिथं. हात चिंचेचे हायेत."

तुम्ही कप पायरीवर ठेवलात. थोडा वेळ थांबलात आणि आत गेलात. भांडी संपली, मग नैवेद्याची तयारी, मग तुमच्या बहिणी आल्या. संध्याकाळी पायरीवर कप दिसला, गार झालेला, वर साय आल्यासारखा काळा थर. मी तो मोरीत ओतला. शिवाय पाहुण्यांसाठी ओटा मोकळा हवा म्हणून मशीन तुमच्याच हातानं माळ्यावर ठेवायला लावलं.

महालक्ष्म्या उठल्या, पाहुणे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी झाडांना पाणी घालता घालता तुम्ही खाली बसलात, ते उठलाच नाहीत.

मला तो कप तेव्हा आठवलाही नाही. आठवला तो संक्रांतीच्या सुमारास, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढताना. बघते तर एकेका चौकटीत तुमच्या बारीक, कोर्टातल्या अक्षरात एकेक शब्द. आंबट. आंबट. कडू. पाणचट. आंबट. एका चौकटीत 'ठसका', आणि पुढे उद्गारचिन्ह! चार महिने रोज तुम्ही कॉफी केलीत आणि रोज स्वतःला नापास केलंत. मी वाचता वाचता हसत होते. हसत हसत महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवसावर आले. तिथं लिहिलं होतं, 'बरी. हिला दिली.'

पुढच्या सगळ्या चौकटी कोऱ्या.

मी तिथंच स्टुलावर बसले आणि पोटभर रडले. चार महिन्यांत एकच कप बरा जमला, तो तुम्ही मला आणून दिलात, आणि मी मोरीत ओतला! सांगता येत नव्हतं का हो तुम्हाला? 'आज जमली' एवढे दोन शब्द! मी हात धुतले असते. चिंच काय, सगळी भांडी टाकून उठले असते. खरंच उठले असते का? माहीत नाही. पण तुम्ही सांगायला हवं होतं.

त्याच दिवशी मशीन माळ्यावरून उतरवलं. मनाशी पक्कं केलं, ती 'बरी' काय चवीची होती ते मी शोधून काढणार.

पहिल्या दिवशी काय केलं सांगू? हसायचं नाही. चहाची सवय! कॉफीची भुकटी, दोन चमचे साखर आणि एक ठेचलेला वेलदोडा, असं सगळं मशीनला अडकवायच्या त्या दांडीच्या वाटीत भरलं, दट्ट्यानं दाबलं आणि बटण लावलं. मशीन कण्हलं, थरथरलं, आणि चिकट पाक चहूकडून गळायला लागला. दांडी अशी चिकटली की निघेना. गरम पाण्याची फडकी लावून अर्ध्या तासानं सोडवली. मनीषाला फोन केला तर ती आधी हसली आणि मग रडली.

"आई, साखर नंतर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दाणे बदललेस तर बाकी सगळं तेच ठेव."

एकच गोष्ट! मी भाजी करताना तिखट, मीठ, गूळ, पाणी सगळं एकदमच सारखं करणारी बाई. पण शिकले. बोअरचं खारं पाणी मशीनला चालत नाही, हे त्यानं दोनदा रुसून दाखवल्यावर कळलं. मशीन नीट तापू द्यावं लागतं, नाहीतर कॉफी आंबट येते, हेही कळलं. कितीदा तर मशीन तापलं की नेमकी लाईट जायची. मग लाईट यायची वाट बघत ओट्याशी उभी राहायची. गेले दोन महिने तुमचा काटा रोज वापरते. हो, मी! अठरा ग्रॅम दाणे, आणि कपात उतरते ती त्याच्या दुप्पट. अर्ध्या मिनिटाच्या आत ती उतरली पाहिजे, पण घाईनंही नको.

तरी होत नव्हती. कधी नळासारखी भस्सकन यायची, तोंड वाकडं होईल इतकी आंबट. कधी थेंब थेंब, नुसतं जळकं कडू. तुमच्यासारखंच मीही नव्या कॅलेंडरवर लिहीत गेले, आंबट, कडू, आंबट.

आणि मागच्या आठवड्यात एकदम डोक्यात आलं. हा सगळा खेळ दळणाचा आहे! आंबट म्हणजे दळण जाड, पाणी पळून जातं. जळकं कडू म्हणजे दळण मैद्यासारखं, पाणी अडून बसतं. अहो, दळण मला नाही कळणार तर कोणाला कळणार? देऊळगाव राजाला माहेरी आईनं मला जात्याशी बसवलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. धिरड्याला भरड, पुरणपोळीला बारीक, चिमटीत घेऊन डोळे मिटून सांगायचे मी. तुम्ही आयुष्यभर कोर्टात फायली हाताळल्यात, तुम्हाला कुठून कळणार?

तुम्ही एकदा मला विचारायचं तरी, असं लिहायला गेले आणि हात थांबला. विचारलं होतंत. तळहातावर चिमूटभर भुकटी घेऊन आला होतात, "पाह्य बरं, जाड झालं का?" आणि मी म्हटलं होतं, "मले काय समजते तुमच्या काळ्या भुकटीतलं?"

मला समजत होतं हो. नुसता हात लावला असता तरी सांगितलं असतं. चार महिने तुम्ही जे शोधत होतात ते माझ्या चिमटीत होतं, आणि मी तुमची चेष्टा करत बसले. याची माफी कशी मागायची ते मला येत नाही. म्हणून कॉफी शिकते आहे.

आज सकाळी चक्कीची कळ एक खूण फिरवून दळण बारीक केलं. बाकी सगळं कालचंच. मशीन तापू दिलं, सारखं दाबलं, बटण लावलं. आधी काहीच नाही, मग काकवीच्या रंगाची सलग धार सुरू झाली. सत्तावीस सेकंद! प्यायले. आधी कडूच लागली. पण घोट गेल्यावर जिभेच्या मागे भाजलेल्या शेंगदाण्यांचा आणि गुळाचा वास राहिला, बराच वेळ राहिला. बसमध्ये तुम्ही काय विचारत होतात ते मला आज कळलं. पुन्हा प्यावीशी वाटली.

पेन घेतलं, चौकटीत 'ब' लिहिला आणि तिथंच थांबले. तुमची 'बरी' अशीच होती का? कोण सांगणार मला?

कप धुताना एक गोष्ट ध्यानात आली. त्या दांडीच्या वाटीला खाली दोन तोंडं आहेत. एका वेळी दोन कप भरतात. तुम्ही रोज खाली एकच ठेवायचात, कारण पिणारे तुम्ही एकटेच. पण त्या दिवशी 'बरी' लिहिलंत, म्हणजे तुम्ही ती चाखली असणार, आणि उष्टा कप तर तुम्ही मला कधीच आणला नसतात. म्हणजे त्या दिवशी तुम्ही खाली दोन कप ठेवले होते. करायच्या आधीच ठेवले होते.

तर ऐका. आखजीच्या सकाळी मी दोन्ही निळ्या काठाचे कप खाली ठेवणार. जमली तरी ठेवणार, नाही जमली तरी ठेवणार, आणि भाऊजी काही का म्हणेनात. एक तुमच्या पानाजवळ. दुसरा माझ्या हातात, मग हात पुरणाचे असोत की आमरसाचे. ज्या पायरीवर तुम्ही कप ठेवला होता, तिथं बसून तो पिईन आणि मग कॅलेंडरवरचा तो अर्धा शब्द पुरा करीन.

तुमचा कप गार होईल, होऊ दे. माझा मी होऊ देणार नाही.

तुमची,
कमल