कंडोमचं खातं माझ्याकडे

४ ऑक्टोबर
लेक चिमणी झोपल्यावर बायकोने निकाल दिला. शिवणाचं दुकान मार्गी लागेपर्यंत दुसरं मूल नको म्हणजे नको. गाळा घेतलाय, मशिनं आलीत, आता पाळणा हलला तर सगळं मुसळ केरात. गोळ्या तिला सोसत नाहीत. म्हणून कंडोम, आणि ते खातं माझ्याकडे. म्हणालो, निर्धास्त राहा. मिक्सर, गिझर, पंखे कसे वापरावेत याची पत्रकं लिहिण्यात माझा जन्म गेला. लोक ती वाचत नाहीत आणि मग हात पोळून घेतात. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी माझं ठेवणीतलं वाक्य असतं: आपले डोके चालवू नये, जाणत्याला विचारावे. गाजलेलं आहे ते.

५ ऑक्टोबर, संध्याकाळ
केमिस्टकडे गर्दी. आधी खोकल्याचं औषध घेतलं, मग कापूस, मग टूथब्रश. शेवटी पुटपुटलो. त्याने अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं, छोटा बॉक्स की मोठा? मोठा.

आत पत्रक निघालं. मला पत्रक! घडी घालून, ज्यावर ही डायरी लिहितो त्या टेबलाच्या आखूड पायाखाली सारलं. टेबल आता ढिम्म हलत नाही. कागद बरा आहे.

६ ऑक्टोबर
आमच्या फॅक्टरीत मिक्सर चालवून बघितल्याशिवाय पॅक होत नाही. घरीही तोच नियम. सगळे कंडोम फोडले, नळाखाली धरून पाणी भरलं. एकही गळला नाही. शाब्बास! बाथरूमच्या दोरीवर वाळत घातले, पावडर लावली, पुन्हा गुंडाळायचे. एक चिमणीने फुगा म्हणून पळवला.

सासूबाई राहायला आल्यात हे विसरलोच. हे कसले मोजे, म्हणाल्या. ऑफिसचे, एका बोटाचे हातमोजे, म्हणालो. बरं, म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं.

९ ऑक्टोबर
गुंडाळलेले आता नीट उलगडेनात. चिमणीच्या मालिशचं तेल लावून पाहिलं. लोण्यासारखं काम! कंपनीवाल्यांना हे सुचू नये? शिवाय आज जादा सुरक्षा: एकावर एक दोन.

१० ऑक्टोबर, सकाळ
किरकोळ प्रकार घडला. दोन्ही फाटले. म्हणालो, एवढ्याने काही होत नसतं. बायको मशिनपाशी जाऊन बसली आणि रडली. मला फार वाईट वाटलं, पण तपासणी झालेला माल होता, माझा काय दोष?

सासूबाईंनी फर्मावलं, चिमणीला मी बघते, तुम्ही दोघं आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा. आणि जावईबापू, ते हातमोजेही दाखवा.

म्हणजे पटलं नव्हतं.

१० ऑक्टोबर, दुपार
डॉक्टरीणबाई जरा फटकळ आहेत. तेलाने रबर विरतं म्हणाल्या. दोन घातले की घासून फाटतात. पाकीट वापरायच्या वेळीच फोडायचं, टोक चिमटीत धरून हवा काढायची. पाणी भरून वाळवले हे ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. पण वेळेत आलात, आत्ता तांबी बसवली तर गर्भ राहणार नाही म्हणाल्या आणि बायकोला ती बसवली.

आत पत्रक होतं ना, असं विचारत होत्या. मी सुनावलं, असली पत्रकं कसली माणसं लिहितात ते मला विचारा. अर्धवट, भाडोत्री.

३१ ऑक्टोबर
पाळी आली! दुकानात पहिलं गिऱ्हाईकही आलं. हुश्श! डोळे भरून आले माझे. बायको कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती.

जेवणं झाल्यावर म्हणाली, काढ ते टेबलाखालचं, वाचून दाखवते तुला. तेल लावू नये. एका वेळी एकच वापरावा. टोक चिमटीत धरावे. किती सोपं लिहिलंय, म्हणाली. मी म्हटलं, ठीकठाक आहे. मग शेवटची ओळ. आपले डोके चालवू नये, जाणत्याला विचारावे.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. माझ्याकडे बघितलं.

मग आठवलं. लग्नाच्या आधी, चार पैसे सुटावेत म्हणून बाहेरची कामं घ्यायचो. हे पत्रक त्यातलंच एक. इंग्रजीवरून न वाचताच उतरवलं असणार.

सासूबाई आतून विचारतायत, अगं, एवढं काय झालं हसायला? बायको पोट धरून जमिनीवर बसलीय. खातं माझ्याकडून गेलं. पत्रक ती दुकानात लावणार म्हणते.

टेबल पुन्हा डगमगतंय. अक्षर त्यामुळे असं आलंय.