बाबांची गोळी आणि आमचं ऑफिस

प्रिय आई,

पाया पडतो. ताई आणि बाळ मजेत ना? बाबा घरी एकटे म्हणून जीव टांगणीला लावू नकोस.

दर शुक्रवारी आम्ही प्रोग्रामर हौसेने केलेले उद्योग एकमेकांना दाखवतो. मी बाबांना गोळीची आठवण करून देणारा प्रोग्राम दाखवला, तुझ्याच आवाजातला. गडबडीत चाचणीचा नंबर टाकायचा राहिला आणि फोन थेट बाबांनाच लागला!

“अहो, गोळी घेतली का?”

“कधीच घेतली!” बाबा ठणकावून म्हणाले. मग पुटपुटले, “लेकीकडे गेली तरी सुटका नाही.” पाठोपाठ स्पीकरवर पाकिटातून गोळी काढल्याची चुरचुर स्पष्ट ऐकू आली.

अख्ख्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या.

“अगं, एवढं काय कौतुक?” बाबा लाजून म्हणाले.

तुझाच,
धाकटा