जन्मस्थळाच्या रकान्यात माझे नाव लिहिण्याबाबत

प्रति,
मा. निबंधक,
जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय,
पालिओमिलो, खिओस बेट, ग्रीस.

विषय : माझ्या पोटी जन्मलेल्या माझ्याच नातीच्या नोंदीत माझा कुठेतरी उल्लेख होण्याबाबत.
संदर्भ : सरोगसीस परवानगी देणारा न्यायालयाचा आदेश.

महोदय,

१. माझी मुलगी मिर्तो हिचे गर्भाशय आजारपणात काढावे लागले. तिचे व जावई स्त्रातिस यांचे बाळ मी, विधवा गारिफालिया, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पोटात वाढवले. कायद्याने आई मिर्तोच. ते मला मान्य आहे. बाळ मला नको.

२. परंतु आपल्याकडे पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचे नाव देतात, म्हणजे माझ्या विहीणबाई इव्हान्थिया यांचे. मी ओकाऱ्या काढत मस्तकीच्या झाडांचा डिंक निवडत होते, तेव्हा या बाई अंगणात कॉफी पीत बसत. या खेपेस माझे नाव ठेवा म्हटले, तर साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही नऊ महिने खोली दिलीत हो! पाहुणा जाताना घरमालकिणीचं नाव घेऊन जातो का?" मिर्तो म्हणाली, "आई, रीतच आहे ती. सोड ना आता!" मी सोडणार नाही. माझ्या अंगाची लाही लाही झालेली आहे.

३. मी खोली असेन, तर जन्मस्थळाच्या रकान्यात रुग्णालयाऐवजी माझे नाव लिहावे. रुग्णालयाने बाळाला पोटात वाढवले नव्हते.

४. हे नियमात बसत नसल्यास निदान रविवारचा बाप्तिस्मा होईपर्यंत नावाची नोंद करू नये. पाद्री नाव विचारतात ते धर्ममातेला, आणि ती उच्चारील तेच नाव बाळाला लागते. आहेर मोठा मिळेल म्हणून विहीणबाईंनी गावातल्या श्रीमंत आंगेरूला धर्ममाता केले. तिचे व माझे तीस वर्षांचे मेतकूट आहे, हे त्या विसरल्या. आंगेरूच्या तोंडून काय निघेल ते मला पक्के ठाऊक आहे.

५. सोमवारी विहीणबाई आपल्या कार्यालयात थयथयाट करतील. त्यांना बसायला खुर्ची द्यावी, पण ऐकू नये. नावाच्या नोंदीला आई-वडिलांच्या सह्या लागतात. मिर्तोची सही माझ्यावर सोडा, आणि स्त्रातिसची मिर्तोवर.

६. मला भरपाई नको, क्षमायाचनाही नको. इव्हान्थियाबाईंनी आपल्या लाडक्या नातीला मरेपर्यंत दिवसातून दहा वेळा, अगदी प्रेमाने, माझ्या नावाने हाक मारावी, एवढीच विनंती आहे.

आपली,
कागदोपत्री कोणीच नसलेली,
गारिफालिया
दिनांक : ४ ऑक्टोबर