दहा निळे रेनकोट

गुरुवार, ८ ऑगस्ट
वही आणून बारा दिवस झाले, आज पहिलं पान. आधी पेन सापडेना, सापडलं तेव्हा डोक्यात काही येईना. असो. ताई म्हणाली, महिनाअखेरपर्यंत काम शोध, नाहीतर आईकडे परत जा. ताईला माझा आवाका माहीत नाही. सहलवाल्यांच्या ऑफिसात पायी सहली न्यायला माणूस हवाय. रविवारची सहल मी न्यायची. मालकांना पसंत पडली की नोकरी पक्की. दहा लोक आहेत, त्यात खुद्द मालकांच्या सासूबाई. म्हणजे झालंच.

शनिवार, १० ऑगस्ट
आधी एकदा वाट चालून बघायची असते. गेलो. निम्म्यावर एका विहिरीतून मोटर वर काढत होते, ते बघण्यात तीन तास गेले. उरलेली वाट काय वेगळी असणार?
संकल्प: दर अर्ध्या तासाने माणसं मोजणे.

रविवार, ११ ऑगस्ट, सकाळी ७
आभाळ भरलंय. पडणार नाही, असं सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं. ऑफिसने निळे रेनकोट दिलेत. उगीच ओझं.

दुपारी १
धो धो. उरलेल्या वाटेत ओढा निघाला. नकाशात तो बारीक आहे. सगळ्यांना एका गोठ्यात घुसवलं. सासूबाईंनी रेनकोट खुंटीला वाळत टाकला आणि मागच्या बाजूला शेळ्यांना पाला भरवत बसल्या. तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन, रस्ता बुडतोय, पाच मिनिटांत या नाहीतर मी निघालो. सगळ्यांना टोप्या ओढायला लावल्या आणि पळवत गाडीत कोंबलं. दारात उभं राहून मोजले. बरोब्बर दहा. एकाने तर काठी उंचावून हात जोडले. कदर असते लोकांना.

संध्याकाळी ५
सहल यशस्वी. ताईला म्हटलं, नोकरी लागल्यात जमा. ती म्हणाली, आधी पँट बदल, फरशी बघ.

५.४०
मालकांचा फोन. सासूबाई घरी पोचल्या नाहीत. म्हटलं, अशक्य, मी स्वतः मोजलेत. मग ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, बाजारापाशी उतरला तो गोठ्यातला म्हातारा, सासूबाई कसल्या? खुंटीवर कोट दिसला, घातला. शेळ्यांमागे जन्म गेला, आयती गाडी आलीये तर आता लेकीकडेच राहतो, म्हणत होता.
मोजणी चुकलेली नाही, हे मालकांना आधी सांगायला हवं.

६.१५
काय सांगायचं ते लिहून काढतोय, तर ताई आत आली. म्हणते, दारात ट्रॅक्टर थांबलाय. चिंब भिजलेल्या एक आजी उतरल्यात, मागोमाग चार शेळ्या. पत्ता जावयाने दिला म्हणे. तुझ्यासाठी काम आणलंय म्हणतात, आजपासूनच लागायचंय.