माझ्या पोहण्यावर बोललेला नवस

बाबा,

पाववाला पोदेर उंडे देऊन गेलाय, पातळभाजी तेवढी गरम करून घे. मी हरमलला पोहायला चाललेय. होय, समुद्रातच.

रविवारी पणजीला मी माझी पहिली ट्रायथलॉन पुरी केली. समुद्रात पोहले, सायकल मारली, धावले, शेवटून तिसरी आले आणि गळ्यात पदक घालून घरी आले. तू नुसता हसलास. मला वाटलं, खूश झालास. काल देवळात गेले तर भटजी सगळ्यांसमोर म्हणतात, "आता पाण्यात उतरायचं नाही हां! बाबाने देवाला गाऱ्हाणं घातलंय, पोर सुखरूप येऊ दे, ती परत समुद्रात पाय घालणार नाही."

पाय माझे आहेत, बाबा! नवस बोलायचा तर आपल्या जिवावर बोलावा. तंबाखू सोडतो म्हणायचं होतंस. ती तुला सुटत नाही, म्हणून माझं पोहणं देऊन टाकलंस? हळर्णच्या नदीत पोटाखाली हात धरून मला पोहायला शिकवलं कोणी? वर आई म्हणते, देवाला दिलेला शब्द मोडू नये. मी तिला म्हटलं, अगं, पण शब्द दिला कोणी?

ओट्यावर नारळ सोलून ठेवलाय. आंघोळ करून देवळात जा आणि त्याच भटजींकडून नवं गाऱ्हाणं घालून घे. देवाला खरं काय ते सांग. पोरीला विचारलंच नव्हतं म्हणावं.

ऋतिका