खामगावचे दोन सॅक्सोफोन

मेहकर, ८ मार्च १९३७

खामगावहून सॅक्सोफोन आणला! जुना बाजा गाडी उलटून चेपला, तेव्हापासून बँड माझ्या सुराविना होता. आमच्यात तालमीआधी उस्ताद सूर देतो, बाकीचे त्यावर जुळवतात. कामठीच्या पलटणीच्या बँडातून परतल्यापासून तो सूर माझा. असा कान जिल्ह्यात दुसरा नाही.

गुलाम रसूल व्यापाऱ्याने मोडलेल्या सर्कशीचा माल घेतला. त्यात दोन सॅक्सोफोन, एक पांढरा, एक काळपट. पारखणारं कोणी नाही, म्हणून मला बोलावणं. "सईद उस्ताद, तुमी सांगान तो भाव." दुकानात माणसं जमली.

चकाकीकडे मी पाहिलं नाही. अंगठ्याची जागा पाहिली — मुलामा तिथे झिजतो, तिथेच बाजाचं वय कळतं. नळीत दिवा धरला. चाव्यांच्या गाद्यांखाली पतंगाचा कागद सरकवून ओढला. अडकला, म्हणजे गादी नीट बसते. दोन्ही शाबूत. मग व्यापाऱ्याला दुकानातल्या पेटीवर सूर धरायला लावला आणि दोन्ही फुंकले. पांढरा तंतोतंत जुळला. काळपट जुळेचना.

"हा मूळचाच बेसूर," मी म्हणालो. "भंगारात घाला."

मार्तंड तिथे होता. पूर्वी माझा शागीर्द. कान नाही म्हणून मीच त्याला बँडातून काढला. आता धाड गावच्या बँडाचा पुढारी आहे. म्हणाला, "उस्ताद, घेन्याआधी एकडाव बँडासंगं वाजवून पाहा ना."

"काऊन बे? मले शिकवतं काय?"

सगळे हसले. पांढरा मी घेतला. काळपट मार्तंडाने भंगाराच्या भावात उचलला. पुन्हा हसले!

१० मार्च

तालीम. मी सूर दिला. कोणी जुळेना. क्लॅरिनेट, कॉर्नेट — सगळे माझ्याहून जवळजवळ अर्धा सूर वर. ओरडलो. क्लॅरिनेटवाला म्हणाला, "आमी कालचेच हाओ, उस्ताद. नवा तं तुमचा बाजा हाये."

मग कळलं. आमचे सगळे बाजे पलटणीचे टाकाऊ, जुन्या चढ्या सुराचे. पलटणींनी सूर उतरवला, नवे बाजे घेतले, जुने आमच्याकडे आले. दुकानातली पेटी उतरत्या सुराची. तिच्याशी जुळेल तो आमच्याशी जुळणार नाही. काळपट बेसूर नव्हता. आमचा होता.

पोट दुखतं म्हणालो. तालीम मोडली.

११ मार्च

रमाकांत वकिलांच्या पद्मजेचं लग्न ६ मेला. वऱ्हाड धाडचं. वेशीवर दोन्ही बँड समोरासमोर वाजवतात. जो आधी थांबतो, त्याला पुढच्या हंगामात कोणी बोलावत नाही. समोर मार्तंड असणार — मी भंगार म्हटलेला बाजा घेऊन!

मुखनळी बुचावर आत सारून पाहिली. सूर चढतो, पण पुरेसा नाही. फार सारली तर वरचे-खालचे सूर एकमेकांशी भांडतात. एकच वाट — प्रत्येक गत अर्धा सूर वरून वाजवायची. सगळी बोटं बदलायची. अडचणीच्या चाव्या.

करीन.

१६ मार्च

मोहरम. फुंकायचं नाही. नुसती बोटं फिरवतो. बायको दारात उभी राहून म्हणाली, "ये गूँगा बाजा किसको सुना रहे?"

११ एप्रिल

जुळलं! उरलासुरला फरक मुखनळी सारून काढला. बँडात कोणाला संशय नाही. हे दुसऱ्या कोणी करून दाखवावं!

६ मे

वेशीवर ऊन फार. मार्तंडाने गत उचलली. चांगली उचलली — खोटं कशाला लिहू. मी ती मधूनच घेतली आणि दुपटीत नेली. त्याने परत घेतली. मी पुन्हा. बोटं कुठेही अडली नाहीत. शेवटी मार्तंडाने बाजा तोंडापासून काढला, बघत उभा राहिला. हरला!

वकील गर्दीतून आले. "सईद उस्ताद, तुम्हाला तोड नाही!"

नाहीच. उतरत्या बाजावर चढा बँड पेलला. हे फक्त मला माहीत.

७ मे

मार्तंड घरी आला. काखेत फडक्यात गुंडाळलेला काळपट. बसला.

"उस्ताद, सगळं अर्धा सूर चढवून वाजवलं ना तुमी? मले बोटं दिसली. मंग माह्यं वाजवनंच राह्यलं. पाहातच राह्यलो."

"तुले कवा कळलं?"

"खामगावलेच. तुमी पेटीवर धरलं तवाच. सांगून राह्यलो होतो ना."

फडकं माझ्याकडे सरकवलं. "हा तुमच्यासाठीच उचलला होता. तुमी ईचारसान म्हून ठेवला."

"कोणाले सांगितलं?"

"काऊन सांगू? उस्ताद कोनाचे हायेत?"

चहा पिऊन गेला. मी फडकं सोडलं. क्लॅरिनेटवाल्याला बोलावून त्याच्यासंगे एक सूर धरला. तंतोतंत.

१० मे

तालमीला मार्तंडाला बोलावून घेतलं. सूर त्याने दिला. मी जुळवला.