चौथ्या खोलीचा कोपरा

परभणी,
३ एप्रिल १९९३

चि. सौ. सुगंधा हिस कुसुमताईचे पोटभर आशीर्वाद.

मी आणि आई दोघी धडधाकट आहोत. (आईचे गुडघे सोडून; ते तिच्या ताब्यात नाहीत, ती त्यांच्या ताब्यात आहे.) तुझी दाढ कशी आहे? तुझ्या नवऱ्यानं, आमच्या भुजंगनं, लिहिलं होतं की दाढेपायी तू दोन दिवस गप्प होतीस. म्हणजे दुखणं खरं असणार.

त्यानं तुमच्या मानवतच्या नव्या घराचा नकाशा मागितला, त्याला दीड महिना झाला. पायाभरणी अक्षय्य तृतीयेवर आली आणि मी अजून एका खोलीत अडकून पडले आहे. त्यानं तीन खोल्यांची मापं पाठवली होती. चौथी, तुझ्या स्वयंपाकघराला लागून, मी माझ्या मनानं काढली. (कोणासाठी ते शेवटी सांगते. आधी शेवट वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे.)

तुला माहीतच आहे, अठरा वर्षं मी ट्रेसिंगच्या कागदावर शाईनं नकाशे गिरवले. आता आमच्या नकाशा शाखेत कॉम्प्युटर आला आहे. त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागतं, आणि शिपाई सीताराम दारात बसून प्रत्येकाचे पाय बघतो. साहेब म्हणाले, बाई, सरावाला काहीही काढा. मी तुमचं घर काढलं. तीन खोल्या मापं टाकली तशा शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या. मग ‘हॅच’ म्हणून एक आज्ञा आहे, ती दिली की खोलीत तिरप्या रेघा आपोआप भरतात. पहिली भरली, दुसरी भरली, तिसरी भरली. चौथीत बोट दाखवलं तर यंत्र म्हणालं, इथं हद्दच सापडत नाही. डोळ्यांसमोर चार भिंती उभ्या, आणि हद्द नाही!

आठ दिवस मी तीच आज्ञा देत होते. रेघा जवळजवळ करून पाहिल्या, लांब लांब करून पाहिल्या. यंत्र बंद करून, पाणी पिऊन, पुन्हा सुरू केलं. सीताराम म्हणाला, "बाई, त्याला गरमी व्हायलीय, पंखा तिकडं फिरवा." तोही फिरवला, मी घामाघूम झाले, यंत्र गार. घरी आई रोज दारातच विचारायची, "झाली का गं ती खोली?" मी न्हाई म्हटलं की म्हणायची, "व्हईल. घाई न्हाई." आणि रात्री जेवायची अर्धी भाकरी.

शेवटी आमचे तरुण इंजिनियर रंगनाथ यांनी खोलीचा एक कोपरा पडद्यावर मोठा केला. आणखी मोठा केला. आणखी. अगं, दोन रेघा एकमेकींना टेकलेल्याच नव्हत्या! मध्ये एवढी फट, की आईची शेळी मान न वाकवता आत गेली असती. ते म्हणाले, "ताई, ही फट तुमीच सोडलीय." आणि ते खरं होतं. ओल्या शाईच्या रेघेला दुसरी रेघ टेकवली की कोपऱ्यात डाग पसरतो; म्हणून आम्ही ट्रेसर केसाएवढं अलीकडं थांबतो. बाकी खोल्यांना मापं होती. ह्या खोलीचं माप कुणी दिलंच नव्हतं; ती मी अंदाजानं, जुन्या हातानं काढली, आणि हात सवयीनं थांबला. चारही कोपऱ्यांत.

कोपरे जोडले, खोली भरली. मी तिथंच डोळे पुसले. सीतारामला वाटलं, पंख्यानं धूळ गेली.

आता मुद्द्याचं. नको, मुद्द्याचं राहू दे. दाढ काढून टाक, लवंगेवर किती दिवस काढशील.

तुझी नणंद,
कुसुमताई

ता. क. ती खोली आईसाठी आहे. शेळीनं तुझी अंगणवाडीच्या नोकरीची ऑर्डर खाल्ली, दुसरी प्रत येईपर्यंत जागा गेली, आणि आई त्या दिवशी हसली. त्याला सात वर्षं झाली, तेव्हापासून ती माझ्याकडं आहे. तू शेळीला माफ केलंस (तिला शेवटपर्यंत पाला तूच घातलास), आईला नाही. मी तुझी चूक म्हणत नाही. मीही केसभर अलीकडंच थांबले, मध्ये पडून डाग नको म्हणून.

ता. क. दुसरा. पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं शेळीचं तेवढं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "लिही तिला. ऑर्डर गेली म्हंजे आता सून दिवसभर घरी ऱ्हाईल, मला बोलायला माणूस हाय, म्हणून हसले मी. लय वाईट हसले." तिनं हे मला सात वर्षांत सांगितलं नव्हतं.

ता. क. तिसरा. यंत्रानं छापलेली रेघ खोडता येत नाही. म्हणून सोबतच्या नकाशात तीनच खोल्या छापल्या आहेत. एवढ्या खटपटीनंतर चौथी मी हातानं, साध्या पेन्सिलीनं काढली आहे. नको असेल तर खोडून टाक. भुजंगला ती दिसणारही नाही, आणि मी विचारणार नाही. हवी असेल तर तूच शाईनं गिरव. कोपऱ्यात डाग पडला तर पडू दे, रेघा मात्र टेकव.